उपदेशकवर्ग आणि गायनवह्या : एका प्रचलित मताचें परीक्षण

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ता. 5 मे 1901 रोजीं लाहोरास स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालयासंबंधानें एक मत आतां इतकें रूढ झालें आहे कीं, त्यास पुरावा मागण्याची गरज कोणास भासत नाहीं. तें मत असें: शाळेच्या पद्धतीनें गाणें शिकविल्यामुळें श्रोते पुष्कळ झाले, गवई झाले नाहींत, गवई घडतो तो गुरुगृहींच. या मतास आधार म्हणून खुद्द पंडितजींच्या नांवावर सांगितला जाणारा, तानसेन न झाले तरी कानसेन निर्माण करीन अशा अर्थाचा, उद्गार पुढें केला जातो. हा उद्गार कोठें, केव्हां व कोणासमक्ष निघाला याची चौकशी न करतां त्यावरून निकाल देणें म्हणजे बखरींतील एका वाक्यावरून लढाईचा इतिहास लिहिण्यासारखें आहे. आणि या त्रैमासिकाच्या वाचकांस त्या रीतीचा दोष नव्यानें सांगावयास नको.

आमचें म्हणणें असें आहे कीं, या मतांत दोन निरनिराळ्या गोष्टी एक मानल्या गेल्या आहेत. महाविद्यालयाच्या एकाच छपराखालीं दोन शाळा चालत होत्या. एक, फी देऊन ठराविक वेळीं येणाऱ्या गृहस्थांच्या मुलांची व प्रौढांची. दुसरी, संस्थेंतच राहून दिवसभर शिकणाऱ्या निवडक मुलांची. या दुसरीस उपदेशकवर्ग म्हणत. या वर्गांतील मुलांस अन्न, निवास व शिक्षण संस्थेकडून मिळे, आणि मोबदल्यांत मुलानें नऊ वर्षें संस्था सोडूं नये असा लेखी करार पालकाकडून करून घेतला जाई. पहिल्या शाळेचा उद्देश श्रोते करण्याचा असेल. दुसरीचा खास नव्हता. असें असतां पहिलीच्या फळावरून दुसरीची परीक्षा केली जाते, हा हेत्वाभास आहे.

मुळांत निवड कशाची करावयाची, हा प्रश्न जुना आहे. देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या प्रकीर्णकाध्यायांत त्याचा विचार केला आहे. अभ्यास नसतांनाहि राग प्रकट करण्याची जी शक्ति ध्वनींत असते तिला तो 'शारीर' म्हणतो, कारण ती शरीराबरोबरच जन्मास येते. असें उत्तम शारीर कशानें लाभतें हें सांगतांना त्यानें विद्यादान, तप, शिवभक्ति आणि मोठें भाग्य यांचा निर्देश केला आहे. म्हणजे शिक्षकाच्या हातीं तेथें फारसें कांहीं ठेविलें नाहीं. परंतु त्याच अध्यायांत गायकांचे पांच प्रकार सांगतांना पहिलें स्थान 'शिक्षाकार' यास दिलें आहे. शिक्षाकार म्हणजे कांहीं उणें न ठेवतां शिकवूं शकणारा. त्याच्या पाठोपाठ 'अनुकार' येतो, जो दुसऱ्याच्या ढंगाची नक्कल करतो. आणि मग रसिक, रंजक व भावक. जन्मजात शक्ति व शिक्षा यांचा हा भेद लक्षांत ठेविला असतां लाहोरच्या वर्गाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. 'उपदेशक' हें नांव आपण आज प्रचारकी अर्थानें वाचतों. आम्हांस त्यांत शिक्षाकाराचीच छाया दिसते. जो मुलगा गावयास लायक तोच शिकवावयासहि लायक झाला पाहिजे, अशी ती कल्पना होती.

करारपत्र घेऊन विद्या देणें ही विलायती व व्यापारी रीत आहे, आपल्या परंपरेंत गंडाबंधन असे, असा एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतों. आक्षेपकांनीं परंपरेची माहिती जरा बारकाईनें पाहावी. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांस अब्दुल करीमखांनीं शिष्य करून घेतांना आठ वर्षें राहण्याची अट घातल्याचें सांगतात. गंड्याचा दोरा आणि मुदतीची अट या परस्परविरोधी वस्तु नव्हत्या. मेहनत घेऊन मुलास तयार करावें आणि गळा पिकूं लागतांच त्यानें दुसऱ्याच्या दारीं जावें, ही भीति उस्तादास व शाळेच्या चालकास सारखीच होती. फरक इतकाच कीं, एकाची अट तोंडी राहिली व दुसऱ्याची कागदावर आली. आणि कागदावर आली म्हणून ती आपल्यासारख्यांच्या उपयोगी पडूं शकते.

पंडितजींचें स्वतःचें शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजकडे झालें. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत दृष्टि अधू झाली नसती तर कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा मुलगा कदाचित् इंग्रजी शाळेंतच पुढें गेला असता. बाळकृष्णबुवांनीं ग्वाल्हेरची विद्या वासुदेवबुवा जोशांकडून मिळविली, ती गुरूच्या शोधांत भटकून आणि घरकाम करून. मिरजेच्या या शिष्यानें 1896 त गुरुगृह सोडलें आणि पांच वर्षांनीं जी शाळा काढली तिच्या निवासी वर्गांत गुरुगृहाचे बहुतेक सर्व गुणदोष आणून बसविले, असें आमचें मत झालें आहे. पहाटेची मेहनत, एकाच ढंगाचा आग्रह, गुरूच्या शब्दाबाहेर न जाणें, संस्थेचें पडेल तें काम करणें, सर्व तेंच. नवें होतें तें एवढेंच कीं एका गुरूभोंवतीं दोनचार शिष्यांच्या ऐवजीं एक वर्ग होता, आणि त्याच्या बाजूस एक छापखाना.

या छापखान्यानेंच समीक्षकांची दिशाभूल केली आहे. संगीत बालप्रकाश, रागप्रवेश इत्यादि क्रमिक पुस्तकें, तसेंच 1903 सालीं लाहोरास निघालेलें गुरुदेव पटवर्धनांचें मृदंग व तबला वादनाच्या पद्धतीवरील पुस्तक, हीं संग्राहकांच्या परिचयाचीं आहेत. तीं पाहून "एवढ्यानें काय गवई होणार?" असें जो म्हणतो, त्याचें म्हणणें खरें आहे, पण एवढ्यानें गवई करावयाचाच नव्हता. वेदपाठशाळेच्या कपाटांत छापील संहिता सांपडली म्हणून तेथील मुलें संहितेवरच थांबत होतीं असें कोणी म्हणत नाहीं. पद, क्रम, जटा, घन हे पाठ मुखानें मुखास दिले जातात, आणि त्यांस लागणारीं वर्षें छापील पानांत दिसत नाहींत. पलट्यांचें तेंच आहे. विनायकराव पटवर्धनांच्या रागविज्ञानाचे सात भाग आहेत व त्यांत चिजांबरोबर आलाप-तानाहि लिहून दिल्या आहेत. तरी ज्या मेहनतीनें त्या ताना गळ्यावर चढतात ती त्या पुस्तकांतहि नाहीं, व असूंहि शकत नाहीं.

आतां फळ पाहूं. ओंकारनाथ ठाकूर मुंबईच्या शाखेंत शिकले आणि 1916 त, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख म्हणून पाठविले गेले. विनायकराव पटवर्धन नऊदहा वर्षांचे असतां लाहोरास गेले. पुढें रंगभूमीवर गाजून, ती सोडून त्यांनीं 1932 त पुण्यास आपलें विद्यालय काढलें. नारायणराव व शंकरराव हे व्यासबंधू, प्रो. बी. आर. देवधर, साबरमतीच्या आश्रमांत गेलेले नारायण मोरेश्वर खरे, हे सर्व याच मांडवाखालचे. यांत मैफलीचे गवई नाहींत असें म्हणावयास धाडस पाहिजे. एक वर्ग दोन दशकांत इतकीं नांवें देतो, तेव्हां कोणत्याहि उस्तादाच्या घरच्या हिशेबाशीं तो ताडून पाहण्यास हरकत नाहीं.

येथपर्यंत आम्ही वर्गाचे वकील झालों. पण यादीवरून निकाल देणें हीहि तीच चूक आहे, उलट्या बाजूनें केलेली. यादींत जे आले ते नऊ वर्षांच्या आंतच ओळखूं आले असते; प्रश्न जे आले नाहींत त्यांचा आहे. ज्या मुलाचा आवाज पंधराव्या वर्षीं फुटला व पुन्हां जुळला नाहीं, त्याच्या करारपत्राचें काय झालें? संस्थेवर मुंबईच्या इमारतीचें कर्ज होतें. तें फेडण्यासाठीं जलशांचे दौरे निघत आणि त्यांत मुलें असत. अखेरीस 1924 च्या सुमारास ती इमारत धनकोंच्या हातीं गेली. या दौऱ्यांत मुलांस सभा जिंकण्याचें शिक्षण मिळालें असेल, तसेंच त्यांचें शिक्षण खोळंबलेंहि असेल. आम्हीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. स्नेहसंमेलनांत आणि वक्तृत्वस्पर्धांत वर्षानुवर्षें पुढें केलेलीं मुलें अभ्यासांत कशीं पोकळ राहतात हें आम्हीं पाहिलें आहे, आणि त्या कामीं आमचाहि हात होता. त्यामुळें लहान मुलांच्या जलशांचीं वर्णनें वाचून आम्हांस निखळ आनंद होत नाहीं.

या ठिकाणीं संस्थेच्या दुसऱ्या पिढींतील एक प्रसिद्ध उदाहरण आठवतें. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, यांचा जन्म 1924 चा, बेळगांवजवळील सुळेभावीचा. दहा वर्षांच्या आंतच नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणारा मुलगा म्हणून त्यांचे जलसे होऊं लागले. शार्ङ्गदेवाच्या भाषेंत शारीर असामान्य, आणि प्रकार अनुकाराचा. हा मुलगा वडिलांनीं देवधरांच्या स्वाधीन केला. देवधर स्वतः विष्णु दिगंबरांचे शिष्य. परंतु नाना घराण्यांच्या गवयांकडून मिळेल तें घेणारे, आणि 1925 पासून मुंबईंत स्वतःचें विद्यालय चालविणारे. त्यांच्याकडे हा मुलगा एका ढंगांत कोंडला गेला नाहीं. अनेकांचें गाणें कानांवर पडत राहिलें आणि त्याबरोबर तें कां तसें आहे याचा विचारहि. 1936 त मुंबईच्या परिषदेंत त्याची वाहवा झाली खरी, पण आमच्या मतें महत्त्वाची गोष्ट वाहवेनंतरचीं दहाबारा वर्षें आहेत, ज्यांत अनुकाराचा कोश फुटला. उपदेशकवर्गांत हें घडलें असतें काय? आम्हांस शंका आहे. शारीर ओळखून मेहनत घेण्याची सोय त्या वर्गांत होती; अनुकाराच्या पलीकडे जाण्याची मुभा तितकीशी नव्हती. त्या वर्गावर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो 'शाळेंत गवई होत नाहीं' या आक्षेपाहून अगदीं निराळा आहे. कारण तोच आक्षेप अनेक गुरुगृहांवरहि घेतां येईल.

भातखंड्यांच्या पक्षाविषयीं थोडक्यांत. 1926 त लखनौस निघालेल्या मॅरिस कॉलेजवरहि कानसेनांचाच ठपका ठेविला जातो. परंतु 1928 पासून त्याचे प्राचार्य झालेले श्रीकृष्ण रातंजनकर हे भातखंड्यांजवळ शिकून पुन्हां बडोद्यास फैयाजखांकडे शिकलेले होते. म्हणजे खुद्द शाळेच्या पुरस्कर्त्यांनींहि आपला निवडक शिष्य केवळ शाळेवर सोंपविला नव्हता. आमच्या मतें हा शाळेचा पराभव नव्हे. क्रमिक शिक्षण व सर्वस्वी वाहून घेतलेलें शिक्षण यांचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात हें त्यांस कळलें होतें. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत कलकत्त्यास संगीत संशोधनासाठीं जी अकादमी निघाली तिनेंहि निवडक तरुणांस वृत्ति देऊन गुरूंच्या सान्निध्यांत ठेवण्याचाच मार्ग धरला.

वरील सर्व चर्चेंत एक उणीव वाचकांच्या ध्यानांत आली असेल. आम्ही मुलांविषयीं बोलत आहों, पण मुलांच्या हातचा एकहि कागद पुढें ठेविलेला नाहीं. असे कागद आहेत: गायनवह्या. जुन्या गायनमास्तरांच्या घरीं त्या पेटीच्या खोक्यांत सांपडतात, आणि संग्राहक त्यांतील अप्रसिद्ध चिजा तेवढ्या उतरून घेतात. आम्हींहि तेंच केलें, आणि तें कसें अंगाशीं आलें तें सांगणें कर्तव्य आहे.

आमच्या गांवीं एक वृद्ध गायनमास्तर होते. त्यांचे गुरु उपदेशकवर्गांतल्या एका शिष्याजवळ शिकलेले. मास्तरांच्या पश्चात् त्यांची एक वही आमच्या हातीं आली, आणि 1994 सालीं शाळेच्या स्मरणिकेसाठीं तींतील दरबारी कानड्याची एक चीज आम्हीं संपादून छापली. आमचें स्वरलिपीचें ज्ञान भातखंडे पद्धतीपुरतें. त्या पद्धतींत स्वराच्या डोक्यावरील बिंदु तारसप्तकाचा व पायाखालील मंद्राचा. वहींत धैवत-निषादांवर वरतीं बिंदु होते. तारसप्तकांतील धैवत-निषाद माणसाच्या गळ्यास सहसा पेलणारे नव्हत. तेव्हां हे बिंदु लेखकप्रमाद आहेत असा निर्णय देऊन आम्हीं ते काढून टाकले व ते स्वर मध्यसप्तकांत बसविले. मग षड्जहि ओघानेंच वर सरकला. शिवाय तळटीप जोडली कीं, या परंपरेंत दरबारी उत्तरांगानें गात असावेत.

स्मरणिका निघाल्यावर मास्तरांचे एक जुने शिष्य आमच्या घरीं आले. त्यांनीं कांहीं न बोलतां ती चीज वहीप्रमाणें म्हणून दाखविली, खर्जांत, अगदीं सावकाश. मग आमच्या छापील पाठाप्रमाणें म्हटली. "मास्तर, हा अडाणा झाला," एवढेंच ते म्हणाले. विष्णु दिगंबरांच्या लिपींत मंद्रस्वराचा बिंदु डोक्यावर असतो आणि तारस्वरास डोक्यावर उभी रेघ. सुकथनकरांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत दुर्घट पाठास मान देण्याचें जें तत्त्व पाळलें तें आम्ही वर्गांत मुलांस सांगत असूं; स्वतःच्या हातीं वही आली तेव्हां सोपा पाठ केला.

संग्राहकांच्या सोयीसाठीं आणखी दोनतीन ठिकाणें दाखवून ठेवितों. मध्यमावरील उभी रेघ भातखंडे पद्धतींत तीव्र मध्यम दाखविते, पलुसकर पद्धतींत तारसप्तकाचा मध्यम. शून्य एकींत खालीची खूण, दुसरींत अर्ध्या मात्रेची. सर्वांत घातक म्हणजे फुली: भातखंड्यांची समेची खूण तिरकी फुली आहे, पलुसकरांची खालीची खूण उभी अधिकाची, घाईच्या अक्षरांत दोन्ही एकसारख्या होतात आणि सम-खालीची उलटापालट होते. वही हातीं येतांच प्रथम सम पाहावी. समेखालीं 1 चा आंकडा असेल तर वही पलुसकर पद्धतीची समजण्यास हरकत नाहीं. पण कांहीं वह्यांत आरंभीं एक लिपि व पुढें दुसरी असते, कारण मास्तरांस दोन्हीकडच्या परीक्षांस मुलें बसवावीं लागत. म्हणून प्रत्येक पानावर ही परीक्षा नव्यानें करावी.

बिंदूची चूक आम्हीं पुढील वर्षीं दुरुस्त केली. दुसरी चूक ध्यानांत यावयास फार वर्षें लागलीं. त्या वहींत पलट्यांच्या पानांवर समासांत पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, चार उभ्या व पांचवी आडवी, अशा जुड्यांनीं. कोठें वीस जुड्या, कोठें चाळीस. कांहीं ठिकाणीं खोडून पुन्हां आरंभ केलेला. एका पलट्यापाशीं निराळ्या शाईनें, बहुधा गुरूच्या हातची, एक दुरुस्ती होती व तिच्याखालीं जुड्यांची नवी ओळ. वहीची नक्कल करतांना आम्हीं हें सर्व गाळलें. चिजेशीं त्याचा संबंध नाहीं असें वाटलें. आज आम्ही म्हणतों कीं निवडक मुलांच्या शिक्षणांत दिवसास काय घडे याचा पुरावा नाहीं. आणि जो पुरावा हातांत होता तो आम्हींच समासांतील कचरा म्हणून टाकला. एक मूल एका पलट्यावर किती वेळ घालवी, कोणत्या ठिकाणीं अडे, गुरु केव्हां हात घाली, हें चरित्रग्रंथांतील आठवणींत नाहीं, कारण आठवणी लिहिणारे सर्व पार पडलेले आहेत.

म्हणून गायनवही संपादणाऱ्यांस आमची सूचना अशी कीं, नक्कल समासासकट करावी. पेन्सिलीच्या खुणा, तारखा, शाईचे भेद, कापलेलीं पानें, मागील बाजूचे खर्चाचे हिशेब, यांतील कांहींहि गाळूं नये. चिजा बहुधा दुसरीकडेहि मिळतात. मुलांच्या प्रवेशाचीं करारपत्रें, पालकांशीं झालेला पत्रव्यवहार, जलशांच्या जाहिराती यांवरहि लक्ष असावें. विशेषतः ज्या घरांतून एखादा मुलगा अशा वर्गास गेला व गवई न होतां परत आला, त्या घरांकडे. अशा घरांत हे कागद कोणी विचारावयास जात नाहीं व घरचे लोकहि बोलत नाहींत.

मास्तरांची मूळ वही पाहण्यास आम्ही तीन वर्षांपूर्वीं पुन्हां त्यांच्या नातवाकडे गेलों. घर बदलतांना बराचसा भाग रद्दींत गेला होता आणि उरलेल्यास कसर लागली होती. अकरा पानें मिळालीं. त्यांपैकीं सात पलट्यांचीं आहेत आणि पांचांवर जुड्या स्पष्ट वाचतां येतात. दरबारीचें पान त्यांत नाहीं. हीं पानें पातळ कागदांत बांधून आम्हांपाशीं ठेविलीं आहेत, आणि आमच्या 1994 च्या अशुद्ध नकलेशीं ज्यांस तीं ताडून पाहावयाचीं असतील त्यांनीं अवश्य येऊन पाहावीं.